फाटकाच्या आतलं लातूर

हे मी लिहावं का, याची मला अजून खात्री वाटत नाही. आमच्या घरात पुस्तक म्हणजे शाळेनं दिलेलं, आणि वर्ष संपलं की चुलतभावाला द्यायचं, एवढंच माहीत. माणसाबद्दल काही सांगायचं असेल तर आमच्याकडं ओट्यावर बसून सांगतात आणि चहा संपला की उठतात; ते लिहून ठेवायची रीत नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहायचं ते माझे नांदेडचे घरमालक अजून ठणठणीत आहेत, हाताला लागेल ते वाचतात आणि वाचताना त्यातल्या चुका मोठ्यानं सांगतात. तेव्हा माझ्याकडून आगाऊपणा झाला असेल तर वाचणाऱ्यांनी आणि त्यांनीही तो पोटात घालावा. पण एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगतो. फाटकाबाहेर न गेलेल्या गाडीतून आमच्या घरमालकांनी जेवढा प्रवास केला, तेवढा सगळा मुलूख पालथा घालणाऱ्यानंही केला नसेल.

मी इस्लापूरकडचा. बी.एस्सी.साठी नांदेडला आलो तेव्हा कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच होतो. त्यामुळं खोली कशी शोधायची, मालकाशी काय बोलायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं. कुणीतरी दाखवलेल्या एका फाटकासमोर पिशवी घेऊन मी बराच वेळ नुसता उभा राहिलो. तेवढ्यात आतून, कर्ण्यातून यावा तसा खणखणीत आवाज आला, "फाटकासमोर उभ्या असलेल्या प्रवाशानं कृपया आपलं काम सांगावं!" मी घाबरून मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं. प्रवासी मीच होतो.

घरमालक एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, हे कर्ण्यावरून सांगण्यात त्यांची उभी नोकरी गेली. निवृत्त झाले, पण आवाजाला निवृत्ती देणं त्यांना जमलं नाही. एरवी ते आमच्यासारखंच बोलत. "काय करू लालास रे?" असं विचारत आणि "लई ऊन हाय, बाहीर नको जाऊ" असं सांगत. पण घरात काही घडलं की एकदम छापील मराठी सुरू. "गच्चीवर जाणारं पाणी आज थोड्या उशिरानं धावत आहे." "गॅसवर ठेवलेलं दूध कोणत्याही क्षणी सुटेल." परीक्षेच्या दिवशी मी जिना उतरलो की, "कॉलेजकडं जाणारा विद्यार्थी फाटकातून सुटत आहे. विद्यार्थ्यानं आपलं पेन तपासून घ्यावं." पहिले काही दिवस मला हसू यायचं. मग एकदा तास झाले नाहीत म्हणून दुपारीच परत आलो, तर आतून आवाज येत होता, "जेवण लागलं आहे. प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात." खिडकीतून पाहिलं. त्यांनी एक ताट मांडलं, एक पाट ओढला आणि बसले. लग्न त्यांनी केलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी त्या घोषणांना हसलो नाही. उलट खोलीत पडल्या पडल्या कान देऊन ऐकायला लागलो. मलाही त्या शहरात दुसरं कुणी हाक मारत नव्हतं.

जुन्या नोकरीमुळं त्यांच्याकडं एस.टी.चा पास होता आणि पास वाया जाऊ द्यायचा नाही, असा त्यांचा बाणा. मिरची आणायला ते धर्माबादला जात. केळी कोपऱ्यावरच्या गाड्यावर मिळतात; ती घ्यायला ते अर्धापूरला जात आणि परत येऊन ती कोपऱ्यावरच्याच गाड्यावाल्याला खायला देत. मात्र लातूरच्या रस्त्याला त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. त्या रस्त्यावरचं लोहा तर अगदी जवळ. तिथं त्यांच्या एका जुन्या कंडक्टर मित्राच्या मुलाचं लग्न होतं. यांनी नवीन टोपी आणली, आहेर बांधला, सकाळी नवं धोतर नेसले आणि आहेर माझ्या हातात देऊन म्हणाले, "तू जाऊन ये. मी आलो मनून सांग."

"काका, मग तुम्हीच चला की. पास आहे ना?"

"त्या रस्त्यानं मी जाणार ते गाडीनंच."

गाडी म्हणजे अंगणातली. कडुलिंबाखाली एक सायीच्या रंगाची, गोल पाठीची, मोठ्या डोळ्यांची जुनी गाडी उभी असे. जिनं ती बनवली त्या कंपनीनं असल्या गाड्या बनवणं केव्हाच सोडून दिलेलं. ती दोघा भावांनी मिळून घेतली होती. थोरले भाऊ लातूरला हेडमास्तर होते. त्यांना गाडी चालवता येत नसे, पण शेजारी बसून चुका सांगता येत. हे चालवत, ते चुका सांगत, असं दोघांचं वर्षानुवर्षं उत्तम चाललेलं.

बिघडलं ते पुतणीच्या लग्नात. थोरल्यांची ती एकुलती एक, आणि यांना तर पोटच्या लेकीहून जास्त. लग्न नांदेडला, मुलाकडं. नवरीला लातूरहून आणायचा मान काकाचा आणि काकाच्या गाडीचा. गाडीला झेंडूच्या माळा घातल्या, नवरीला बसवलं, सोबत एक आत्या. अहमदपूर सुटलं, आणि माळाकोळीच्या अलीकडं एक टेकडी आहे, कुठूनही या, चढच लागतो, तिथं इंजिनानं मान टाकली. यांनी पाणी घातलं, फुंकलं, ढकललं, हात जोडले. नवरी शालू आवरत रस्त्याकडेला दगडावर बसली. शेवटी मागून लातूर-नांदेड एस.टी. आली. ती गाडी रोज नांदेडला आली की तिची घोषणा हेच करत. नवरी कंडक्टरच्या सीटवर बसून लग्नाला पोचली तेव्हा मुहूर्त टळून गेला होता आणि व्याही मंडळी तोंडं फिरवून बसली होती. थोरल्यांनी भर मांडवात धाकट्याला सांगितलं, "ही गाडी आपल्या चाकानं माझ्या दारात येईल त्या दिवशी तू ये. तवर माझ्या दारात येऊ नको."

रागातलं वाक्य. दुसऱ्या कुणी ते मांडव उतरायच्या आत सोडून दिलं असतं. पण आमचे घरमालक कंट्रोलर. वरून आलेली सूचना ती सूचना. ती रद्द झाल्याचं वरून कळत नाही तोवर लागू. त्यांनी ती लागू केली. पुतणीचा संसार सुखाचा झाला, ती हैदराबादला गेली, तिची मुलं शाळेत जायला लागली. दर सणाला ती फोनवर काकांना सांगे, "काका, एस.टी.नं जाऊन या ना! पप्पा काई मनणार न्हाईत." हे म्हणत, "तसं ठरलं न्हाई." आणि थोरले तिकडं लातूरला तिला काय म्हणत असतील ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

गाडी मात्र लातूरला पोचण्याजोगी कधी झालीच नाही. जुन्या इंजिनाचे भाग मिळेनात. देगलूर नाक्याजवळचे एक मिस्त्री, काकांचे जुने स्नेही, तिच्यावर हात मारून मारून थकले. शेवटी मी आलो त्या वर्षी त्यांना एक नव्या गाडीचं इंजिन सापडलं. ट्रकनं मागून ठोकलेली गाडी; पाठ चेपली, पण इंजिन नव्यासारखं. मिस्त्रींनी ते मोठ्या खटपटीनं आमच्या गाडीत बसवलं. चालू केलं तर आवाजच येईना. काका दर थोड्या वेळानं विचारत, "बंद पडलं का?" आणि मिस्त्री सांगत, "काका, चालू हाय! नवा इंजिन हाय, वरडत न्हाई."

मिस्त्रींचं म्हणणं सरळ होतं. "अब कल के कल लातूर. भाई के घर चाय पी को वापस. कौन पूछता?"

"भाऊ पुसंल," काका म्हणाले. "तो हेडमास्तर हाय. पयले कागद मागंल, मंग पाणी दील. आर.सी.वर हे इंजिन चढल्याबिगर गाडी फाटकाबाहीर जाणार न्हाई."

मिस्त्रींनी दुसरा उपाय सुचवला. नव्या इंजिनावरचा नंबर घासून त्यावर जुना ठोकायचा. कागद जुना, नंबर जुना, कुणाला कळणार? काकांनी हातातला चहा खाली ठेवला. पुढं कितीतरी दिवस ते मिस्त्रींकडं जात, बाकावर बसत, पण चहा घेत नसत. मिस्त्रींनी एक दिवस हात जोडले, "काका, तौबा! अर्जी द्या. मी काई न्हाई बोलत."

मग अर्ज सुरू झाला. परिवहन कचेरीतले साहेब तरुण होते आणि आलेल्याला बसायला सांगत. त्यांनी समजावलं, "काका, बदल करायच्या आधी परवानगी मागायची असते. तुम्ही तर इंजिन बसवून आलात." काकांना ते मनापासून पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्रींना बोलावून इंजिन उतरवायला लावलं. मिस्त्री टायरवर डोकं धरून बसले. "बसवलेलं उतरवू? कामून?"

"अर्ज देताना गाडीत इंजिन नगं. साहेबाचं बरोबर हाय."

उतरवलं. अर्ज दिला. साहेबांनी वाचून गाडी तपासणीला आणायला सांगितलं.

"साहेब, तिच्यात इंजिन न्हाई."

"मग मी तपासू काय?"

"तेच मी इचारायला आलो."

साहेब हसले नाहीत, हे मला त्यांचं फार आवडलं. मी सोबत होतो म्हणून सांगतो. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग म्हणाले, "बसवून आणा, काका. मी तसं लिहून देतो." इंजिन पुन्हा बसलं. पण मंजुरी नसलेल्या इंजिनावर गाडी रस्त्यानं न्यायची कशी? काकांनी ट्रॅक्टर बोलावला आणि गाडीला दोर बांधला. भर बाजारातून पुढं ट्रॅक्टर, मागं बंद इंजिनाची गाडी आणि तिच्यात टोपी घालून बसलेले काका. प्रत्येक वळणाला खिडकीतून हात काढून ते इशारा देत होते. लोक कौतुकानं पाहत होते. मी मागच्या सीटवर बसलो होतो. मोटारगाडीत बसण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ.

तपासणीत इंजिनावरच्या नंबराचा ठसा लागतो. नंबरावर कागद धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची, की आकडे कागदावर उमटतात. जुन्या इंजिनाचा नंबर समोर होता. नव्याचा, त्या परक्या जागेत बसवल्यामुळं, पार आत अडचणीत गेलेला. काकांचा हात जाईना, मिस्त्रींचा तर नाहीच. माझा गेला. कोपरापर्यंत काळा होऊन मी तो ठसा बाहेर काढला तेव्हा काका कागद उजेडात धरून म्हणाले, "बग, याला बी नाव हाय. मंग याची नोंद नगं?" एवढ्या साध्या गोष्टीनं माणसाचा आवाज का बदलावा, हे मला तेव्हा कळलं नाही.

साहेबांनी सगळं पाहिलं. अडचण त्यांनी लपवली नाही. इंजिन दुसऱ्या कंपनीचं, ताकद मूळच्याहून जास्त. ब्रेक, सांगाडा हे सगळं ती ताकद पेलेल असा दाखला हवा. तो मूळ कंपनीनं द्यावा. मूळ कंपनीला काकांनी पत्र पाठवलं. त्या पत्त्यावर कुणी नाही म्हणून ते परत आलं. मग दाखला गाड्यांची परीक्षा घेणाऱ्या पुण्याकडच्या संस्थेनं द्यावा. त्यासाठी गाडी रस्त्यावर चालवून दाखवावी लागणार. आणि मंजुरी नाही तोवर रस्त्यावर चालवायची नाही, हा तर काकांचाच नियम. साहेब म्हणाले, "ट्रकवर घालून पाठवता येईल, पण तिथंही पास होईल असं मला वाटत नाही." काका म्हणाले, "तुमचं बरोबर हाय, साहेब. तरी वर इचारून बगा." साहेबांनी वर विचारलं. वरच्यांचं उत्तर यायला वेळ लागणार होता.

त्या काळात गाडी रोज संध्याकाळी लातूरला जायची. अंगण जेमतेम गाडीच्या दोन लांबीचं. काका टोपी घालून बसत, मी मागं. इंजिन चालू होई. "नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरला जाणारी गाडी सुटत आहे!" गाडी फाटकाला नाक लावेपर्यंत पुढं, मग कडुलिंबापर्यंत मागं. पुन्हा पुढं. पुन्हा मागं. वाटेत गावं येत. "लोहा आलं. बाजार हाय आज, गर्दी बग." मग ते विचारत, "आज कॉलेजात काय शिकवलं?" मी सांगत असे. प्रकाशाबद्दल, चुंबकाबद्दल, जे अर्धवट समजलेलं असे ते. गावी फोन केला की वडील विचारत, जेवलास का, आणि मग दोघंही गप्प बसत असू. त्यांना पुढं काय विचारावं कळत नसे आणि मला काय सांगावं. त्यामुळं दिवसभरात शिकलेलं कुणाला तरी सांगायची माझी जागा म्हणजे ती मागची सीट. माळाकोळी मागं पडली की मात्र काका बोलणं थांबवत, गियर खाली घेत आणि सपाट अंगणात तो चढ चढत. चढ सरला की सुस्कारा. लातूर आलं की इंजिन बंद करून ते जरा वेळ तसेच बसत. दार उघडून कुणी येईल म्हणून बसावं तसे. मग उतरून स्वयंपाकाला लागत.

मी शेवटच्या वर्षाला असताना वरचं उत्तर आलं. साहेबांनी ते टपालानं पाठवलं नाही, काकांना बोलावून घेतलं, चहा मागवला. "काका, हे इंजिन मंजूर होऊ शकत नाही. मी सगळं करून पाहिलं. जुनं इंजिन बसवा, आणि गाडी घेऊन या. पासिंगला मी स्वतः उभा राहतो." काकांनी नेहमीसारखं "तुमचं बरोबर हाय" म्हटलं, पण ते अर्धंच बाहेर आलं. जुनं इंजिन बसवून गाडी पास होईल, पण लातूर? त्याच इंजिनानं तर त्या चढावर मान टाकली होती.

त्या दिवसापासून घरात घोषणा बंद झाल्या. दूध उतू गेलं तरी कुणी काही बोलेना. टाकी भरून पाणी अंगणात आलं, काका खुर्चीवर बसून त्याच्याकडं पाहत राहिले. संध्याकाळी मी सवयीनं खाली उतरून गाडीजवळ उभा राहायचो. ते म्हणायचे, "आज गाडी न्हाई." माझी परीक्षा झाली आणि एम.एस्सी.साठी मला लातूरच्या कॉलेजात जागा मिळाली. हे सांगायला मी फार घाबरलो. त्यांनी ऐकून घेतलं, बराच वेळ पायानं मातीत रेघा ओढल्या. मी निघालो तेव्हा माझी पिशवी फाटकापर्यंत आणून दिली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "त्याच्या गल्लीनं एकदा उगं चक्कर मारशील? बोलू नको काई. नुसतं बगून ये, बरा हाय का." आणि माझी घोषणा न करताच आत गेले.

लातूरला गेल्यावर पहिल्या रविवारी मी ती गल्ली शोधली. जुनी, अरुंद, दोन्ही बाजूंना मोटारसायकली खेटून उभ्या. मधल्या एका घरासमोर मात्र मोकळी जागा, झाडलेली, पाणी मारलेली, चारी कोपऱ्यांना चुन्यानं रंगवलेले दगड. एक पोरगा त्यात स्कूटर लावत होता आणि ओट्यावरून एक म्हातारे गृहस्थ काठी उगारून ओरडत होते, "काढ! काढ तिथून! दिसत न्हाई का? तिथं गाडी लागणार हाय!"

"कवा लागणार, मास्तर? मी शाळेत होतो तवापासून ऐकू लालो."

"लागल तवा लागल! तू काढ!"

चेहरा पाहून ओळख पटायला वेळ लागला नाही. तेच नाक, तीच टोपी, आवाज तेवढा कर्ण्याशिवायचा. मी न बोलता पुढं जाणार होतो, पण त्यांनीच हटकलं. "काय बगतोस? कुठला तू?"

"नांदेडहून आलो."

काठी खाली झाली. त्यांनी मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. भावाचं नाव काढलं नाही. रस्ता कसा आहे आता? रुंद झाला का? माळाकोळीजवळचा तो चढ फोडून कमी केलाय म्हणतात, खरं का? जुन्या गाड्यांना झेपंल का? मी म्हटलं, एस.टी.त झोप लागली होती, नीट पाहिलं नाही. ते चिडले. "एवढं शिकता आन् रस्ता बगत न्हाई!" मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आपुन बोललो ते बोललो. आता आपुनच कसं जायाचं?"

मी बाहेर पडून कोपऱ्यावरूनच काकांना फोन लावला. बोलू नको म्हणाले होते, पण त्यांना न सांगणं माझ्यानं झालं नाही. रिकामी जागा, चुन्याचे दगड, स्कूटरवाला, सगळं सांगितलं. पलीकडं खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. मग आवाज आला, अगदी खणखणीत, "लातूर इथं एक फलाट रिकामा असल्याचं कळतं!" आणि लगेच नेहमीच्या आवाजात, "मिस्त्रीला बलावतो. जुनं बसवू. कागदात बसतंय, बास. बाकी चढाचं चढ बगंल."

जुनं इंजिन त्यांनी जिन्याखाली सतरंजीत गुंडाळून, तेल लावून ठेवलंच होतं. मिस्त्रींनी तिसऱ्यांदा गाडीत इंजिन बसवलं तेव्हा ते मनातल्या मनात काय बोलत होते, ते मी विचारलं नाही. साहेब शब्दाला जागले. पासिंगला स्वतः उभे राहिले. त्या दिवशी गाडी पहिल्यांदा स्वतःच्या इंजिनावर, खोकत, धूर सोडत कचेरीत गेली म्हणे, आणि काका प्रत्येक वळणाला हात काढत होते.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. तू त्याच्या घरी जाऊन बस, सांगू नको काही. एव्हाना दर रविवारी माझी तिथं फेरी असायचीच; मी जाऊन बसलो. पण मास्तरांना काय सुगावा लागला कुणास ठाऊक. त्यांनी सकाळपासून दोनदा ती जागा झाडली, टोपी बदलली, आणि मला विचारलं, "आज रविवार न्हाई, मंग तू कसा?" मी खाली पाहिलं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसले आणि आम्ही दोघं गल्लीच्या तोंडाकडं पाहत राहिलो. रिक्षा आली की ते अर्धे उठत. ऊन ओट्यावर चढलं. मग माझा फोन वाजला. काका होते. आवाज बारीक. "थांबली रे."

मास्तरांनी माझ्या तोंडाकडं पाहून ओळखलं. "कुठं?"

"माळाकोळीच्या पुढं. चढाला."

"त्याच?"

"हो."

मास्तर उठले. मला वाटलं, आता आत जाऊन दार लावून घेतील. त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली, पाण्याची बाटली भरून घेतली, चपला पायात सरकवल्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पण तुम्ही तर..." त्यांनी काठी माझ्यावर उगारली.

"दारात येऊ नको मनलो होतो. रस्त्यात भेटू नको, असं मनलो होतो का? नीट ऐकत जा!" आणि स्टँडच्या दिशेनं निघाले. थोडं पुढं गेल्यावर वळून ओरडले, "जागा सांभाळ! कुणाला लावू देऊ नको!"

मी सांभाळली. स्कूटरवाला आला, त्याला नको म्हटलं. त्यानं माझ्याकडं पाहून मान हलवली आणि गेला. दुपार सरली. गल्लीत सावल्या आल्या. चुन्याच्या चार दगडांच्या मध्ये मी एकटा उभा होतो, आणि एवढी वर्षं ही जागा रिकामी ठेवून रोज कुणीतरी इथं असंच उभं राहत असेल, हे मला पायाखाली कळत होतं. गावी फोन करावा असं वाटलं. वडिलांना सांगावं, पण काय सांगावं ते सुचेना.

उन्हं कलल्यावर फोन वाजला. आधी वारा ऐकू आला, मग एक ट्रक गेल्याचा आवाज, मग दुसऱ्या कुणाचा तरी आवाज, "बोनेट आसं उघडतेत का? येडा!" आणि मग जवळून, कर्ण्यातून यावा तसा खणखणीत:

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. नांदेडहून लातूरला येणारी गाडी माळाकोळीच्या चढावर थांबलेली आहे. गाडी केव्हा सुटेल हे सांगता येत नाही. गाडीत दोन प्रवासी आहेत. दोघांचीही काही तक्रार नाही."